लेक देण्यासारखं गाव

आमच्या आदिलाबादेत गजभारे सरांना कोणी "सर, अमुक गाव कसं आहे?" असं विचारलं, तर ते त्या गावाबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. "त्याच्या शेजारी कोणतं गाव हाय?" असं उलट विचारायचे. विचारणारा गोंधळला की म्हणायचे, "गावाची खरी नक्कल त्या गावात भेटत नाही. शेजारच्या गावात भेटते." नक्कल हा आमच्याकडे निजामाच्या काळापासून कचेऱ्यांत रुळलेला शब्द. जमिनीच्या कागदाची सही-शिक्क्यानिशी मिळणारी प्रत म्हणजे नक्कल. सरांनी तो कचेरीतून उचलला आणि सरसकट माणसांना, गावांना लावून टाकला. असे उचललेले शब्द त्यांच्याकडे पुष्कळ होते आणि ते परत करायची त्यांची तयारी नसे.

मी त्यांच्याबरोबर काम केलं ते ऐंशीचं दशक संपता संपता, आणि पुन्हा एकदा नव्वदच्या मध्यात. हैदराबादच्या एका संस्थेनं आमच्या जिल्ह्यातली खेडी आणि शहरं मोजायचं काम काढलं होतं. शेत मोजणारे, डोकी मोजणारे लोकांनी पाहिले होते. यांना मोजायचं होतं ते भलतंच. कोणती वस्ती पुढं टिकेल, कोणती मोडेल, आणि हे आज कशावरून ओळखायचं. सर शाळेत गणित शिकवायचे. मराठी त्यांच्या घरची, तेलुगू नोकरीतली, आणि उर्दू वडिलांच्या तोंडून ऐकलेली. म्हणून शाळेनं त्यांना या कामासाठी मोकळं केलं. माझी निवड मात्र निव्वळ बाई म्हणून झाली. खेड्यातल्या बाया परक्या पुरुषाशी मोकळेपणानं बोलत नाहीत, एवढं हैदराबादच्या साहेबांना कोणीतरी सांगितलं होतं.

त्या कामात सरांनी एक मोजमाप शोधून काढलं. त्यांचं स्वतःचं, साधं, आणि आमच्या सगळ्या शहाण्या रकान्यांहून खरं. पुढं त्याच मोजमापावर विसंबून त्यांनी पोटची एकुलती एक मुलगी दिली. सरांची आठवण आली की मला हसू येतं आणि मग हे आठवतं, आणि हसू तिथंच राहतं.

सर दिसायला भारदस्त वगैरे नव्हते. मे महिन्यातही पांढरा पूर्ण बाह्यांचा सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. विचारात पडले की अंगठा आणि बोटं एकमेकांवर घासायचे, खडूची पूड झटकत असल्यासारखे. खिशात ओव्याची डबी. पोटदुखी, डोकेदुखी, जीप बंद पडणं, साहेबांचा राग, या सगळ्यांवर त्यांच्याकडे ओवा हाच उपाय होता. "चावा थोडा, बाई" म्हणून ते हातावर चिमूट ठेवायचे आणि आपण चावेपर्यंत नजर काढायचे नाहीत. कौतुक करण्याच्या बाबतीत मात्र मुलखाचे कंजूष. "ठीक हाय" ही त्यांची सर्वांत वरची पायरी. मुलगी सुनंदा शिक्षिकेच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आली तेव्हा पेढ्यांचा पुडा हातात घेऊन हा माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत होता, "निकाल लागला. ठीक हाय."

आमचं पहिलं गाव होतं निंबगाव. भीमपूरकडचं, पैनगंगेच्या अलीकडचं, कापूस आणि ज्वारीवर जगणारं. साहेबांनी दिलेल्या कागदावर वरच इंग्रजीत लिहिलं होतं की ही वस्ती किती काळ टिकून राहण्याजोगी आहे ते ठरवायचं आहे. सरांनी रात्र घालवून त्याचं मराठी केलं होतं, 'टिकाऊ'. पारावर एका म्हाताऱ्यासमोर बसून त्यांनी गंभीरपणे विचारलं, "बाबा, तुमचं गाव टिकाऊ हाय का?"

म्हाताऱ्यानं आमच्या पिशव्यांकडे पाहिलं. "कापड इकाले आले का तुमी?"

"नाही बाबा, गावाबद्दल इचारून राह्यलो."

"मंग पैमाइशवाले असान. जमीन मोजाची असंल तं पटवाऱ्याले बोलवा, मले काऊन इचारता?"

सरांनी पुन्हा जोर लावला. "पुढच्या पिढ्यांपर्यंत हे गाव राहील का, असं इचारतो."

"म्या तं राहत नाई," म्हातारा म्हणाला, "गावाचं मले काय माईत?"

अख्खा पार हसायला लागला. सरही हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. फळ्यावर चुकलेलं गणित पुसावं तसा त्यांनी कागद घडी करून पिशवीत टाकला. परतताना शेजारच्या गावात आम्ही चहाला थांबलो. तिथं एक शेतकरी बैलांना पाणी पाजत होता. सरांनी कागद काढलाच नाही. सहज बोलावं तसं म्हणाले, "काहो, निंबगावात लेक देसान का?"

त्या माणसानं बादली खाली ठेवली. "निंबगावात? काऊन देऊ, बावा? पावसाळ्यात नाला भरला का गाव तुटलं. लेक बाळंत हून राह्यली का मरून राह्यली, मले कोन सांगंल? उन्हाळ्यात नदीत झिरा खंदा अन् पानी भरा. लाईट हाय म्हणतात, पाह्यली कोनी? नाई देत."

सरांची बोटं एकमेकांवर घासू लागली. जीपमध्ये बसल्यावर त्यांनी कागद मांडीवर पसरला. मग म्हणाले, "कुसुमबाई, रस्ता, दवाखाना, पाणी, वीज. समदे रकाने एका दमात भरून दिले त्यानं. अन् आपण टिकाऊ टिकाऊ करत बसलो."

त्या दिवसापासून आमच्या कागदावर शेवटी एक रकाना हातानं आखला जाऊ लागला. 'सोयरीक'. एखाद्या वस्तीबद्दल आजूबाजूच्या गावांतल्या बापांना विचारायचं, तिथं लेक देता का? नाही म्हणणारे जास्त, तर वस्ती ढासळणारी. हो म्हणणारे जास्त, तर वस्ती राहणारी. साहेब आधी हसले. "मास्टरजी, ये कोई नाप है?" म्हणाले. पण पुढं त्यांनी बसून सगळे रकाने ताडून पाहिले, आणि सरांचा शेवटचा रकाना बाकीच्या सगळ्यांशी जुळत गेला. साहेबांनी त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं. सरांना विचारलं कसं वाटतं, तर उत्तर काय येणार? ठीक हाय.

मला एक गोष्ट तेव्हाही खटकायची आणि मी ती बोलूनही दाखवायची. पारावर सर बापांशी बोलत, तेव्हा मी चुलीपाशी बायांशी बोलत असे. एका बाईनं मला भाकरी थापता थापता सांगितलं, "लेक देतात बाप. राहतो तं आमी." तिचं सासर आमच्या कागदावर अगदी चांगल्या वस्त्यांत होतं, आणि ती माहेरची, नाल्यापलीकडच्या गावची आठवण काढून डोळे पुसत होती. मी सरांना सांगितलं. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं. ते नेहमीच लक्षपूर्वक ऐकत. मग म्हणाले, "खरं हाय, बाई. पण हे मोजता कसं येईन?"

सरांचं मोजमाप सगळीकडे चाललं असंही नाही. हैदराबाद-नागपूर रस्त्यावरच्या इचोड्यात ते पार आपटलं. एका ढाब्यावर ट्रकांच्या गर्दीत सरांनी मालकाला हिंदीत विचारलं, "भाईसाब, इचोडा में बेटी देंगे क्या?" मालक कढई हलवत म्हणाला, "मास्टरजी, इधर गाँव कौन पूछता है? लड़के की दुकान पूछते, नहीं तो ट्रक पूछते." सर माझ्याकडे वळून म्हणाले, "हे गाव नाही, हा थांबा हाय. थांबा टिकते, थांबणारे टिकत नाहीत." वाक्य छान जमलं म्हणून ते खूश. तेवढ्यात ताटं उचलणारा माणूस मराठीत म्हणाला, "माहा बाप बी इथंच थांबला होता, गुरुजी. मी बी थांबून राह्यलो. आमी नाई का टिकलो?" सरांनी निमूट ओव्याची डबी काढली आणि त्यालाच चिमूटभर दिला.

पण सरांकडे आणखी एक माप होतं, जे त्यांनी कोणत्याही कागदावर आणलं नाही. गावात शिरलं की ते पहिल्या घरी पाणी मागायचे. तहान असो नसो. आणि पाणी कसं देतात ते पाहायचे. सर बौद्ध. त्यांचे आजोबा लोकांच्या शेतात राबलेले, वडील कसेबसे शिकून कारकून झालेले. नाव, गाव, सोयरे अशी दोन-चार वाक्यं झाली की आमच्या भागात माणसाची जात समोरच्याला कळते. एका मोठ्या गावात आम्ही गेलो. विहिरी भरलेल्या, कापसाच्या गंज्या लागलेल्या, शाळा पक्की. मला पेल्यात पाणी आलं. सरांना ओंजळ करायला सांगून वरून ओतलं. सर ओणवे होऊन प्यायले, सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं, आणि सगळे प्रश्न नेहमीच्या शांतपणे विचारले. मी माझा पेला तसाच खाली ठेवला. जीपमध्ये मी संतापून म्हणाले, "सर, या गावाला तुम्ही एवढे वरचे गुण कसे देता?"

"टिकल म्हणून देतो, बाई. हे गाव टिकल. आपल्या कागदात तेवढंच इचारलं हाय." मग ओली बाही झटकत म्हणाले, "टिकायला पाहिजे का, हा रकाना नाही आपल्यात."

आणि निंबगाव? तिथं एकच विहीर होती जिला उन्हाळ्यात तळाशी का होईना पाणी राही, आणि कुणब्यांच्या आणि बौद्धांच्या, दोन्ही वस्त्यांच्या बाया तिच्यावर एका रांगेत उभ्या राहत. दुसरी विहीर असती तर काय झालं असतं देव जाणे, पण नव्हती. तिथल्या कुणब्याच्या घरात सरांना घरचे पितात त्याच तांब्यातून पाणी मिळालं होतं. त्या गावाबद्दल सर म्हणायचे, "टिकायला पाहिजे. पण टिकणार नाही."

निंबगावातच प्रल्हाद होता. बौद्ध वस्तीतला, शिक्षकाचं शिक्षण घेतलेला. तालुक्याच्या ठिकाणी नोकरी बघायची सोडून तो गावातच मुलं गोळा करून शिकवायचा आणि वडिलांबरोबर शेती करायचा. आमच्या कामात तो वाटाड्या म्हणून आला, आणि मग कळलं की सुनंदा आणि तो एकाच वर्गात शिकलेले. त्याच्या घरच्यांनी रीतसर मागणी घातली. सुनंदा मला ताई म्हणायची. एकदा घरी आली, ज्वारी निवडू लागली. मी सांगितलं नव्हतं, पण बोलायचं असलं की माणूस हाताला काम शोधतो. शेवटी म्हणाली, "ताई, बाबाले तुमी सांगा ना. मले ते गाव आवडते. तिथं शाळा काढता येते. मी बोलली तं ते नुसतं आयकतात."

मी सांगितलं. सर खरंच नुसते ऐकत राहिले. मग म्हणाले, "पोरगा ठीक हाय, बाई. गावाचं काय?"

"सर, तुम्हीच म्हणता ना, निंबगाव टिकायला पाहिजे?"

"टिकायला पाहिजे," ते म्हणाले. "पण माह्या पोरीच्या जिवावर नाही."

 सुनंदाची आई दुसऱ्या बाळंतपणात गेली होती. सर तेव्हा एका आडगावी नोकरीला. पावसात बैलगाडी नाल्याशी अडकली, आणि पाणी उतरेपर्यंत उशीर झाला. निंबगावच्या शेजारचा तो शेतकरी नाला म्हणाला होता तेव्हा सरांची बोटं एकमेकांवर का घासू लागली होती, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांचा हिशेब बापाचा होता आणि तो चूक होता असं मी आजही छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

त्याच सुमारास आम्ही बेल्लमपल्लीला गेलो. कोळशाच्या खाणींचं शहर. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी भुकटी. पण कामगारांच्या घरांच्या सरळ ओळी, दारात नळ, खांबाखांबावर दिवा, कॉलनीचा दवाखाना, रेल्वे हाकेच्या अंतरावर. आजूबाजूच्या खेड्यांत सरांनी प्रश्न विचारला की पुरा होण्याआधीच उत्तर यायचं. "बेल्लमपल्लीत? आजच देतो!" एक जण तर म्हणाला, "पोरगा काळा असो, बुटका असो, खाणीत हजेरी लागते ना? मंग गुरुजी, तुमीच दाखवा एखांदा." सोयरिकीच्या रकान्यात त्या शहराइतके गुण आमच्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणालाच पडले नाहीत. संध्याकाळी कॉलनीत दिवे लागले तेव्हा सर नळाखाली हात धुऊन उभे होते. पाणी वाहत होतं आणि ते बघत होते. म्हणाले, "फार ठीक हाय." 'फार' हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेव्हाच काय तो ऐकला.

तिथल्या एका मराठी बौद्ध कुटुंबातला मिलिंद, खाणीत कायम नोकरीला. सुनंदाचं लग्न त्याच्याशी झालं. पाठवणीच्या वेळी सुनंदा रडली नाही. सर रडले. सगळे म्हणाले, बापाचं काळीज. मी सुनंदाकडे बघत होते, आणि मला तिचं ते कोरडं राहणं बरं वाटलं नाही.

जावई वाईट निघाला असता तर सरांना निदान कोणाला तरी दोष देता आला असता. तोही आधार त्यांना मिळाला नाही. मिलिंद सरळ, निर्व्यसनी, कमी बोलणारा. एक मुलगी झाली, सुजाता. सुनंदा घरीच कॉलनीतल्या मुलांची शिकवणी घेऊ लागली. सगळं कागदावर होतं तसंच चाललं होतं. फक्त एक गोष्ट आमच्या कोणत्याच रकान्यात नव्हती. कोळसा पिकत नाही, तो संपतो. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं तशा तिथल्या जुन्या खाणींतलं काम कमी होत गेलं, आणि माणसांच्या बदल्या दूरच्या खाणींवर होऊ लागल्या.

नेमकी तेव्हाच संस्थेला आपलं मोजमाप पुन्हा तपासून बघायची हुक्की आली. त्याच वस्त्या, त्याच ओळी, आणि जुनीच माणसं म्हणून सर आणि मी. निंबगाव काही सोन्याचं झालं नव्हतं. पण नाल्यावर पूल आला होता, आणि प्रल्हादच्या शाळेला सरकारी मान्यता. त्याची बायको आमच्यापुढं चहा ठेवून सरांना म्हणाली, "माहा बाप नाईच म्हणत होता. मीच म्हणली, मी जातो." सरांनी चहा संपवला. ओवा काढला, डबी उघडली, आणि न घेताच पुन्हा बंद केली.

मग बेल्लमपल्ली. आमच्या यादीतली ओळ सुनंदाचीच. मी म्हटलं, "सर, या ओळीत मी जाते. तुम्ही स्टेशनाकडची करा." ते म्हणाले, "नाही. मागच्या खेपेला मीच केली होती." भर दुपारी आम्ही त्या ओळीत शिरलो. कितीतरी घरांना कुलपं, काहींना कुलूप लावायला दारंच उरली नव्हती, लोकांनी चौकटीसकट नेली होती. नळाला पाणी एक वेळ, तेही कधी येईल त्याचा नेम नाही. मिलिंदची बदली झाली होती आणि तो सुट्टीला तेवढा येई. तिकडं घर मिळत नव्हतं, इथलं सोडवत नव्हतं. शिकवणीची मुलं आईबापांबरोबर निघून गेली होती.

सुनंदानं पाणी दिलं. सरांनी कागद काढला आणि एकेक प्रश्न विचारत गेले. तिनं एकेक उत्तर दिलं. बाप-लेकीसारखं त्यात काही नव्हतं. या खेपेला साहेबांनी शेवटचा प्रश्न वस्तीत राहणाऱ्यांनाही विचारायला सांगितला होता. सर कागदाकडे बघतच म्हणाले, "तुमची लेक याच वस्तीत द्याल का?"

सुनंदा हसली. "बाबा, मले 'द्याल' म्हणून राह्यले?"

सरांनी मान वर केली नाही.

"लिहा," ती म्हणाली. "नाई देत. अन् कारण इचारू नका, तेवढी जागा त्या कागदात नाई." मग तिनं अंगणात खेळणाऱ्या सुजाताकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाबा, तुमी जिल्ह्यातल्या समद्या बापायले इचारत फिरले. लेक देता का, लेक देता का. कोनत्या लेकीले इचारलं, का तू जातं का म्हणून? दुसऱ्याच्या लेकी तं दूर होत्या, नाल्यापार होत्या. मी तं घरातच होती ना, बाबा. तुमच्या माह्या मंधात कोनता नाला होता?"

सरांनी कागद मिटला. म्हणाले, "चुकलं, सुनंदा."

"चुकलं कायले म्हणता? गणित तं बरोबरच होतं. मिलिंद चांगले हाय, घर चांगलं होतं. इचारलं असतं तं कदाचित मी हो बी म्हणली असती." पदर खोचून ती उठली. "पण मंग ते माहं झालं असतं ना."

परतताना बसमध्ये सर खिडकीकडे तोंड करून बसले होते.  हैदराबादच्या बैठकीत त्यांनी उभं राहून सांगितलं, की हे मोजमाप अर्धं आहे. वस्तीत लेक देणाराला विचारून भागत नाही, जाणारीला विचारलं पाहिजे. साहेबांना ते पटलं. मान डोलावून म्हणाले, पुढच्या खेपेला नक्की घेऊ. पुढची खेप झालीच नाही. संस्थेनं दुसरं काम धरलं, आमचे कागद कुठं गेले ते मला माहीत नाही. सर पुन्हा शाळेत गेले आणि दोनेक वर्षांनी निवृत्त झाले.

निवृत्तीनंतर लोक गावी घर बांधतात, तीर्थांना जातात. सर आदिलाबादची खोली सोडून बेल्लमपल्लीला मुलीकडे राहायला गेले. जिथून जो तो निघत होता, तिथं. ओळखीच्यांनी वेड्यात काढलं. मला मात्र ते ऐकून भरून आलं. उशिरा का होईना, बाप मुलीच्या सोबतीला गेला असं मला वाटलं.

एका लग्नानिमित्त मी त्या बाजूला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्याकडे गेले. नव्वदचं दशक संपत आलं होतं. ओळीत आता धूर निघणारी घरं थोडीच उरली होती. सर थकले होते, पण मला बघून तोंडभर हसले. "या, बाई. बसा." मग लगेच आतल्या बाजूला मान वळवून त्यांनी विचारलं, "सुनंदा, कुसुमबाई आल्या. चहा ठेवू का?"

"ठेवा," आतून आवाज आला.

चहा त्यांनीच केला. साखर घालण्यापूर्वी विचारलं, "सुनंदा, साखर किती टाकू?" कप घेताना विचारलं, "हे कप घेऊ का ते?" सुजाताला हाक मारायची की नाही, खाट बाहेर टाकायची की नाही, सगळं ते तिला विचारत होते. वर्गात चाळीस पोरांना एका नजरेत गप्प करणारा हा माणूस. मला सुरुवातीला गंमत वाटली. मग माझ्या लक्षात आलं की दर वेळी विचारल्यावर ते थांबतात, तिचं उत्तर पुरतं येईपर्यंत हात जागचा हलवत नाहीत.

सर सुजाताला घेऊन बाहेर गेले तेव्हा मी सुनंदाला विचारलं, "सर रमले का गं इथं?"

ती भाजी चिरत होती. "राह्यतात, ताई. मी या म्हणलं नव्हतं. जा बी म्हणत नाई." विळीवरची भाजी तिनं परातीत ओढली. "दिवसभर इचारतात. पहिले पहिले मले रडू ये. आता नाई येत."

मी निघाले तेव्हा ऊन कललं होतं. सर मला फाटकापर्यंत सोडायला आले. सुनंदा दारात उभी होती, सुजाता तिला बिलगून. वाऱ्यानं कोळशाची भुकटी घरात यायला लागली तसे सर माघारी वळले. दारापाशी पोचले, कडीला हात लावला, आणि तिथंच थांबले.

"सुनंदा, दार लावू का?"

"तुमाले वाटंल तसं करा, बाबा," ती म्हणाली आणि सुजाताला घेऊन आत गेली.

मी रस्त्याच्या वळणापर्यंत जाऊन मागं पाहिलं. सर कडीवर हात ठेवून दारातच उभे होते. दार उघडंच होतं.